साडेसहा हजार पौंडांची पोर्शे रोज चालवायला किती पडते?

स्लाउहून एका वाचकाचं पत्र:

"माझी नोकरी रेडिंगला आहे. रोज जाऊन-येऊन 40 मैल. सध्याची लीजवरची हॅचबॅक मार्चमध्ये परत द्यायची आहे. तिचा हप्ता 290 पौंड. सांगलीत शाळेत असताना एका मासिकातला पोर्शे बॉक्सटरचा फोटो कापून मी वहीच्या कव्हरच्या आत चिकटवला होता. आता इथे 2003 ची बॉक्सटर 2.7, मॅन्युअल, 88 हजार मैल चाललेली, साडेसहा हजार पौंडांत दिसतेय. गाडीसाठी माझ्याकडे 9 हजार आहेत. घराच्या डिपॉझिटच्या पैशांना हात लावायचा नाही असं बायकोशी ठरलंय. पेट्रोल, टॅक्स आणि विमा मिळून महिना 280 पौंडांच्या आसपास बसेल असा माझा हिशोब आहे, म्हणजे लीजच्या नुसत्या हप्त्यापेक्षाही कमी. बायकोची टोयोटा यारिस आहेच. बाबा फोनवर म्हणाले, दारात हत्ती बांधू नकोस. हौसेला मोल नसतं हे खरं, पण रोजच्या वापराला ही गाडी परवडेल का? की सरळ माझदाची एमएक्स-5 घेऊ?"

प्रिय वाचक,

पत्रासोबत पाठवलेल्या तुमच्या हिशोबात पेट्रोल आहे, टॅक्स आहे, विमा आहे. टायर नाहीत, ब्रेक नाहीत, सर्व्हिसिंग नाही आणि दुरुस्ती तर अजिबात नाही. जुन्या स्पोर्ट्स कारचा खरा खर्च या गाळलेल्या ओळींतच असतो. म्हणून आधी तुमचा कागद पुरा करू, मग घ्यायची की नाही ते बोलू. मी स्वतः 2001 ची बॉक्सटर 2.7 लेस्टरला पाच वर्षं रोज चालवली, कामावर जायला, वाणसामान आणायला, भर जानेवारीतही. त्या गाडीवर माझा फार जीव होता. त्यामुळे तुम्हाला "नको" म्हणायच्या तयारीने मी हे पत्र उघडलेलं नाही. पण हौसेने घेतलेली गाडी पहिल्याच मोठ्या बिलाला घाबरून सहा महिन्यांत तोट्यात विकणारे मी पाहिलेत. तुमचं तसं होऊ नये, एवढीच काळजी आहे.

पेट्रोलपासून सुरू करतो. तुम्ही ब्रोशरमधला गॅलनला 29 मैलांचा आकडा धरलाय. सकाळच्या गर्दीत एम-4 मोटरवेवर 26 मिळाले तरी समाधान माना. शिवाय हे इंजिन 98 ऑक्टेन धरून बनवलंय. साध्या 95 वर ते चालतं, नॉक सेन्सर इग्निशन सांभाळून घेतात, पण मग इंजिन थोडं मंद वाटतं. मी कायम सुपर अनलेडेडच भरलं. वर्षाला 10 हजार मैल धरले तर साधारण 1,750 लिटर लागतं. लिटरला दीड पौंड धरून 2,625. तुमच्या आकड्यापेक्षा हे चारशेच्या वर जास्त आहे, आणि अजून गाडीचा एक नटही फिरवलेला नाही.

टॅक्सचा तुमचा आकडा बरोबर आहे. या गाडीचं कार्बन उत्सर्जन किलोमीटरला 225 ग्रॅमच्या वर जातं, पण 23 मार्च 2006 च्या आधी नोंदवलेल्या गाड्यांना 'के' पट्ट्याच्या वर नेत नाहीत. 2025-26 साठी तो दर 430 पौंड होता. त्या तारखेनंतर नोंदवलेली आणि 225 च्या वर जाणारी गाडी असती तर 735 किंवा 760 भरावे लागले असते. "थोडी नवीन घेऊ, 2006 ची" असा विचार मनात आला तर लॉगबुकावर नोंदणीची तारीख आधी पाहा. काही दिवसांच्या फरकाने दरवर्षी तीनशे पौंड जास्त जाऊ शकतात.

विम्याबद्दल एक गोष्ट नीट बघा. तुम्हाला 740 चं कोटेशन मिळालंय, पण त्यात कामावर जाण्या-येण्याचा वापर नोंदवलाय का? जुन्या गाड्यांसाठी ज्या स्वस्त 'क्लासिक' पॉलिसी असतात, त्यांत बऱ्याचदा मैलांची मर्यादा असते आणि कामावर जाणं वगळलेलं असतं. तशी पॉलिसी घेऊन रोज रेडिंगला गेलात तर धडक झाल्यावर विमा कंपनी हात वर करेल आणि तिचं काही चुकलेलं नसेल. दुसरं म्हणजे, साडेसहा हजारांच्या या गाडीचे हेडलाइट, बंपर, छत यांचे भाव मात्र मोठ्या गाडीचे आहेत. साध्या धडकेतही दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीजवळ पोचतो आणि कंपनी गाडी 'राइट ऑफ' करून, म्हणजे दुरुस्तीऐवजी तिची किंमत देऊन, मोकळी होते. तेव्हा रक्कम आधीच ठरवून देणारी, कामावर जाणंही धरणारी पॉलिसी मिळते का ते विचारा. चाळीस-पन्नास पौंड जास्त गेले तरी जाऊ द्या.

आता गाळलेल्या ओळी. ही गाडी नवी होती तेव्हा तिची किंमत तीस हजार पौंडांच्या वर होती. तिचे भाग आजही त्याच हिशोबाने विकले जातात. गाडी स्वस्त झाली, भाग झाले नाहीत. आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते इथे तंतोतंत लागू पडतं. मागचे टायर रुंद, आणि इंजिनाचा भार त्यांच्यावर. दहा-बारा हजार मैलांत ते उतरतात. पुढचे जास्त टिकतात. सरासरी वर्षाला 350 धरा. सर्व्हिसिंग एक वर्ष लहान, एक वर्ष मोठं, सरासरी 400, तेही बाहेरच्या पोर्शे-जाणकार गॅरेजमध्ये. इंजिनात ऑइलच आठ लिटरच्या वर जातं, साध्या हॅचबॅकच्या दुप्पट. डिस्क आणि पॅडसाठी वर्षाकाठी 250. एमओटीचे, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचे, 55. आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी 1,500. हा शेवटचा आकडा पाहून कपाळावर आठी पडली असेल, पण तो कमी करू नका. एखाद्या वर्षी त्यातले तीनशेच जातील, पुढच्या वर्षी अडीच हजार जातील.

सगळं मिळून वर्षाला 6,350 पौंड. महिना जवळपास 530. तुमच्या 280 च्या दुप्पट नाही, पण फार दूरही नाही.

याच फुटपट्टीने तुमची लीजची गाडीही मोजली पाहिजे, नाहीतर तुलना खोटी ठरेल. हप्त्याचे वर्षाला 3,480. गॅलनला 50 मैल धरून पेट्रोलचे सव्वाबाराशे. विमा 600, टायर-सर्व्हिसचे 250. बेरीज साडेपाच हजारांच्या थोडी वर, महिना सुमारे 463. म्हणजे दोन्ही गाड्यांत फरक महिन्याला पासष्ट-सत्तर पौंडांचा. आणि लीज संपली की हातात काहीच उरत नाही. नीट सांभाळलेली बॉक्सटर मात्र तीन वर्षांनी घेतली त्याच्या जवळपास किमतीला विकता येते, कारण किमतीत जी घसरण व्हायची ती आधीच्या मालकांनी सोसलेली असते. बाबांना हे जरूर सांगा. हा हत्ती नाही.

मग अडचण कुठे आहे? लीजचा हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला तेवढाच जातो. बॉक्सटरचा खर्च तसा येत नाही. सात महिने काही लागत नाही, माणूस निर्धास्त होतो, आणि आठव्या महिन्यात एका मंगळवारी 1,800 पौंडांचं बिल समोर येतं. त्या दिवशी पैसे बाजूला काढलेले असले तर तुम्ही क्लचचं काम करून घेता. नसले तर ते क्रेडिट कार्डावर जातं, किंवा काम पुढे ढकललं जातं. आणि या गाडीत पुढे ढकललेलं काम मोठं होऊनच परत येतं. म्हणून गाडी आणण्याच्या आधी वेगळं खातं उघडा आणि पहिल्या महिन्यापासून त्यात 200 पौंड आपोआप जाऊ द्या. टायर, ब्रेक, सर्व्हिस, दुरुस्ती सगळं त्यातून. पेट्रोल आणि विम्याचं नेहमीच्या खात्यातून होऊ द्या.

आता तुम्ही पाहिलेल्या गाडीकडे येतो. तुम्ही तिचा नंबर पाठवलात ते फार बरं केलंत. सरकारच्या वेबसाइटवर नंबर टाकला की त्या गाडीचा एमओटीचा सगळा इतिहास फुकट दिसतो. या देशात जुनी गाडी घेणाऱ्याला याहून चांगलं साधन नाही. मी तो वाचला. पुढच्या स्प्रिंग गंजल्याची सूचना दोन वर्षं लागोपाठ आहे. मागचे टायर कायदेशीर मर्यादेजवळ आल्याची नोंद गेल्या वेळची आहे. आणि गेल्या वर्षभरात गाडी 900 मैलच चालली आहे. विक्रेता म्हणतो, "क्वचितच चालवली, जपून ठेवली." मला त्यात वेगळंच दिसतं: पैसे घालायचे नव्हते म्हणून उभी करून ठेवलेली गाडी. उभ्या गाडीची बॅटरी जाते, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, रबरी सील वाळतात, ऑइल इंजिनात पडून राहतं. तुमच्या रोजच्या 40 मैलांचा मला तिच्यासाठी आनंदच वाटतो. हे इंजिन पूर्ण तापून चालायला हवं असतं, आणि एम-4 वर ते तापतं. फक्त ऑइल पाण्यापेक्षा सावकाश तापतं. काटा मध्यावर आला तरी पुढची आठ-दहा मिनिटं आरपीएम खालीच ठेवायचे.

जाहिरातीत 'आयएमएस केलंय' असं लिहिलंय, बिल मात्र नाही. इथे मी थांबणार आहे, कारण सगळा निर्णय या एका वाक्यावर अवलंबून आहे.

आयएमएस म्हणजे इंटरमीडिएट शाफ्ट. क्रॅंकशाफ्टची गती साखळ्यांमार्फत दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टपर्यंत पोचवणारा इंजिनाच्या पोटातला मधला दांडा. त्याच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला एक बॉल बेअरिंग आहे, बंदिस्त, आत ग्रीस भरलेलं. वर्षं जातात तसं सील झिजतं, ग्रीस धुऊन जातं, इंजिन ऑइल आत शिरतं पण खेळतं राहत नाही. बेअरिंग कोरडं पडत जातं आणि एक दिवस तुटतं. मग शाफ्ट जागचा हलतो, टायमिंग बिघडतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. या किमतीच्या गाडीत तो शेवटच असतो, कारण दुसरं इंजिन गाडीपेक्षा महाग पडतं. अमेरिकेत यावरून मालकांनी दावा लावला होता, त्यात 2013 मध्ये तडजोड झाली. त्या प्रकरणातून पुढे आलेले आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: सुरुवातीच्या, गोळ्यांच्या दुहेरी ओळीच्या बेअरिंगमध्ये बिघाडाचं प्रमाण 1 टक्क्याच्या आत, 2000 च्या सुमारास आलेल्या एकेरी ओळीच्या बेअरिंगमध्ये 8 ते 10 टक्के. 2003 ची गाडी म्हणजे एकेरी ओळ.

दहातल्या नऊ गाड्यांना काही होत नाही हेही त्यातूनच कळतं, आणि घाबरून ही गाडी सोडून द्या असं मी कधीच म्हणणार नाही. पण जिच्यावर रोज कामाला जायचंय तिच्या बाबतीत हा जुगार खेळू नका. बेअरिंगपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लचसाठीही तोच उतरवावा लागतो. म्हणून क्लच, हे बेअरिंग आणि क्रॅंकशाफ्टचं मागचं ऑइल सील ही तिन्ही कामं एकदम करून घेतात. जाणकार गॅरेजमध्ये साधारण 1,500 ते 2,000 पौंड. ज्याने एवढे पैसे मोजले तो बिल हरवत नाही. बिल नसेल तर काम झालेलं नाही असंच धरा.

मग या गाडीची बेरीज अशी होते: साडेसहा हजार किंमत, 1,800 क्लच-आयएमएस, 550 चारही टायर, 350 पुढच्या स्प्रिंग, 450 मोठं सर्व्हिसिंग. 9,650. तुमच्या 9 हजारांच्या बाहेर, आणि हाताशी राखीव काही नाही. याउलट तीन-चार वर्षांतलं आयएमएसचं बिल, चांगले टायर आणि दरवर्षीच्या सर्व्हिसचे कागद असलेली गाडी आठ हजारांना मिळाली, तर हजार पौंड हातात ठेवून तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिंगला निघू शकता. तेव्हा माझं स्पष्ट मत: बॉक्सटर घ्या, ही घेऊ नका. विक्रेता साडेचार हजारांवर आला तर पुन्हा विचार करू. मला वाटतं तो येणार नाही.

गाडी निवडताना चकाकी पाहू नका. गेल्या महिन्यातच पॉलिश केलेली चाकं आणि नवी मॅट घातलेली गाडी दाखवतात तेव्हा माझं लक्ष उलट फाइलकडे जातं. आधी लगीन कोंढाण्याचं: इंजिन, कूलिंग, ब्रेकचे पाइप. रंगावरचे ओरखडे पुढे पाच वर्षं तसेच राहिले तरी काही बिघडत नाही.

ऑइल बदलताना एक सवय लावून घ्या, तिने मला पाच वर्षं शांत झोप दिली. या गाडीचा ऑइल फिल्टर खालून प्लॅस्टिकच्या डबीत बसतो आणि आत घड्या घातलेला कागद असतो. मेकॅनिकला तो फेकू देऊ नका, मागून घ्या. रात्रभर निथळू द्या, मग धारदार सुरीने कागद दोन्ही टोकांना कापून वर्तमानपत्रावर उलगडा आणि खिडकीपाशी उन्हात धरा. एकेक घडी बोटाने सरळ करत पाहायचं. काळसर-तपकिरी प्लॅस्टिकचे बारीक तुकडे दिसले तर ते साखळीच्या गाइडचे असतात, थोडेसे असले तर लगेच घाबरायचं कारण नाही. पण उन्हात चमचम करणारे कण दिसले आणि ते लोहचुंबकाला चिकटले, तर गाडी तिथेच उभी करून गॅरेजला फोन करायचा. पहिल्या वेळी माझे हात थरथरत होते. कागद स्वच्छ निघाला, तेव्हा मी तो कितीतरी वेळ नुसताच हातात धरून उभा होतो. हे काम वर्षातून एकदा करायचं, ते फुकट असतं, आणि गाडीच्या पोटात काय चाललंय ते लवकर सांगतं.

दुसरं फुकटचं काम पाण्याचं आहे आणि ते मी वेळेवर केलं नाही. माझ्या आधीच्या मालकाकडे ही गाडी झाडाखाली उभी असायची. कापडी छतावरचं पाणी मागच्या दोन कोपऱ्यांतल्या भोकांतून नळ्यांवाटे खाली जातं. त्या भोकांत पानं कुजून चिखल झाला होता. नोव्हेंबरात दोन दिवस पाऊस लागला आणि तिसऱ्या रात्री तीन वाजता गाडीचा अलार्म वाजायला लागला. खाली गेलो तर दिवे लागतायत, बंद होतायत, कुलपं आपोआप उघडतायत. सीटखालचा गालिचा दाबला तर पाणी वर आलं. अलार्म आणि इमोबिलायझरचा कंट्रोल बॉक्स त्याच सीटखाली असतो, तो गंजून गेला होता. दुसरा बॉक्स आणि तो गाडीशी जुळवून घेण्याचे सहाशेच्या वर पौंड गेले. प्लॅस्टिकची लवचीक नळी घालून ती भोकं साफ करायला पाच मिनिटं लागतात. तुम्ही गाडी पाहायला जाल तेव्हा सीटमागच्या गालिच्यावर तळहात दाबा, आणि मॅट उचलून वास घ्या. ओल लपवता येते, वास लपवता येत नाही.

पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रेडिएटर आहेत, त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. कंपनीने पुढे जाळी दिलेली नाही. तिथेही पानं साठतात, ओली राहतात आणि ॲल्युमिनियम खातात. दर शरद ऋतूत हात घालून काढा, किंवा साधी जाळी बसवून घ्या. कूलंटची टाकी मागे आहे आणि ती म्हातारपणी तडकते. मागच्या डिकीतला गालिचा ओला आणि गोडसर वासाचा असेल तर कारण तेच. इग्निशन कॉइल सहा आहेत, पावसाळी सकाळी इंजिन अडखळलं तर पहिला संशय त्यांच्यावर घ्या.

सगळंच महाग असतं असं मात्र नाही. एकदा माझ्या गाडीचा पंखा आणि रेडिओ मधूनच बंद पडायला लागले. एका वर्कशॉपने स्टिअरिंगखालची अख्खी लॉकची जोडणी बदलायला सांगितली, आकडा चारशेच्या वर होता. प्रत्यक्षात किल्लीमागचा छोटा इलेक्ट्रिक स्विच गेला होता. तोच स्विच त्या काळच्या आउडीमध्येही बसायचा, वीस पौंडांच्या आत मिळतो, आणि हात अडचणीत घालायची तयारी असेल तर तासाभरात बदलून होतो. जुन्या पोर्शेच्या खर्चात असा फरक वारंवार पडतो, म्हणून गाडी घेण्याच्या आधी गॅरेज शोधा. स्लाउ-रेडिंगच्या परिसरात फक्त पोर्शेचं काम करणारी स्वतंत्र गॅरेज आहेत. दोघा-तिघांना फोन करा, 986 च्या (या पिढीच्या बॉक्सटरचा कंपनीतला क्रमांक) क्लचसह आयएमएसचा भाव विचारा. जो आधी चार प्रश्न विचारतो आणि मग भाव सांगतो, त्याच्याकडेच खरेदीपूर्व तपासणीही करून घ्या. अडीचशे-तीनशे पौंड लागतील. इंजिन कॉम्प्युटरमधल्या ओव्हर-रेव्हच्या, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरवल्याच्या, नोंदी वाचून त्यांचा रिपोर्ट द्यायला सांगा.

तुमच्या रस्त्याबद्दल एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. तुमचा एम-4 चा सगळा पट्टा आता स्मार्ट मोटरवे आहे, कडेची हार्ड शोल्डर तिथे उरलेली नाही, थोड्या-थोड्या अंतरावर थांबायच्या जागा आहेत तेवढ्याच. बावीस वर्षांपेक्षा जुनी गाडी तिथे चालत्या लेनमध्ये बंद पडणं ही पैशाची नाही, जिवाची गोष्ट आहे. तापमानाचा काटा वर सरकताना दिसला, लाल दिवा लागला, वेगळा आवाज आला, तर "पुढच्या एक्झिटपर्यंत जाईल" असं म्हणू नका. पहिली थांबायची जागा दिसेल तिथे आत घ्या. ब्रेकडाउन कव्हर पूर्ण घ्या, घरापाशी बंद पडली तरी येणारं, आणि गाडीच्या वयाची अट आधी वाचून घ्या.

पण तुमचं नशीब असं, की स्लाउहून रेडिंगला थेट ट्रेन आहेत, एलिझाबेथ लाइनही जाते. गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये राहिली तरी तुमची नोकरी अडत नाही. मी तुम्हाला 'घ्या' म्हणतोय त्यात या ट्रेनचा वाटा मोठा आहे. एकाच गाडीवर सगळं घर चालत असतं, बालवाडीची ने-आण असती, तर माझं उत्तर वेगळं आलं असतं. हीथ्रोवरून आई-बाबांना आणायला तर यारिसच लागणार, बॉक्सटरमध्ये दोनच सीट. तरीही बॉक्सटर घेऊन लंडनच्या हद्दीत जाणार असाल तर यूलेझच्या (प्रदूषण करणाऱ्या गाड्यांकडून शुल्क घेणारा लंडनचा विभाग) पानावर नंबर टाकून पाहा. ऑगस्ट 2023 पासून हीथ्रोसह सगळं लंडन त्यात आलंय आणि न बसणाऱ्या गाडीला दिवसाला 12.50 पौंड पडतात.

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं तेव्हा काय करायचं? चालवा, पण दर पंधरा दिवसांनी गाडीच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारा. ब्रेकचे पाइप, स्प्रिंग, सस्पेन्शनचे बोल्ट हे मिठाने जातात. गंजलेला बोल्ट कापण्यात मेकॅनिकचा तास जातो आणि तो तास तुमच्या बिलावर लागतो.

एमएक्स-5 विषयी. ती चांगली गाडी आहे. तिसरी पिढी, 2005 नंतरची, चार सिलिंडरचं साधं इंजिन, टायर निम्म्या भावात, कुठलंही गॅरेज हात लावतं. खालचे सिल गंजलेत का एवढं पाहायचं. वर्षाचा खर्च दीड-दोन हजारांनी कमी होईल. महिना 530 चा आकडा वाचून पोटात गोळा आला असेल तर बिनधास्त ती घ्या. पण वहीच्या कव्हरमध्ये तुम्ही तिचा फोटो चिकटवला नव्हता. मी असाच एकदा समजूतदारपणे दुसरी गाडी घेतली होती, चांगली होती, आणि दोन वर्षं रस्त्यात बॉक्सटर दिसली की मान वळवून बघत राहायचो. शेवटी विकून तीच घेतली. त्या अदलाबदलीत गेलेले पैसेही खर्चच.

बायकोला हा पुरा केलेला हिशोब दाखवा, 280 चा नाही, 530 चा. वेगळ्या खात्यातले 200 पौंड डिपॉझिटच्या बचतीतून वळत नाहीत ना, हे दोघांनी मिळून बघा. वळत असतील तर एक वर्ष थांबा. चांगली सांभाळलेली 986 पुढच्या वर्षीही मिळेल.

दुसरी गाडी सापडली की विक्रेत्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर इंजिन थंड आहे याची खात्री करा, मग किल्ली फिरवा आणि पहिला अर्धा मिनिट मागे उभं राहून ऐका. साखळीचा खडखडाट दोन-तीन सेकंदांत थांबला पाहिजे. आयएमएसच्या बिलाचा फोटो काढून मला पाठवा. कोणतं बेअरिंग घातलं, क्लच आणि मागचं सील त्याच वेळी बदललं का, आणि तेव्हा गाडी किती मैल चालली होती, हे वाचून मी लगेच कळवतो.